शाळेचा पट, ३० सप्टेंबर आणि आपण



मागच्या अंकात आपण कर्जाच्या हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती ते काढायला शिकलो. या वेळचा पाठ शाळेच्या कागदांचा आहे. समूहाच्या अंकात शाळा कशाला, असं काहींना वाटेल. आपल्या दशसूत्रीत शिक्षण आहेच. पण खरं सांगा, बैठकीत त्या सूत्रावर आपण किती बोलतो? "लेकरं शाळेत जातात ना?" "हो." झालं, पुढचा विषय. मीसुद्धा दोन वर्षं तेच करत आले.

बालाघाटाच्या डोंगरातलं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण चूक एकट्या त्या गावाची नव्हती. तिथे पहिली ते चौथीची जिल्हा परिषदेची शाळा. हजेरीपटावर ६३ लेकरं, तीन शिक्षक. आमची ग्रामसंघाची बैठक शाळेच्याच व्हरांड्यात व्हायची. एका जूनमध्ये गेले तर शिक्षक दोनच. पहिलीला शिकवणाऱ्या मॅडम 'अतिरिक्त' ठरल्या आणि त्यांचं समायोजन दुसऱ्या गावात झालं. बायका म्हणाल्या, "बदली झाली असंल." मीही मान डोलावली. बदली आणि पद कमी होणं यात फरक आहे, हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं. एमएसडब्ल्यूच्या पेपरात मी शिक्षण हक्क कायद्यावर चार पानं लिहिली होती. पण त्या दिवशी डोक्यात आलं नाही.

माझ्या लक्षात आलं ते समूहाच्या कर्ज रजिस्टरमधून. दिवाळीनंतर त्या गावातल्या दोन समूहांत चार अंतर्गत कर्जं दिसली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं होतं 'शाळा फी'. आधी कर्ज निघायचं दवाखान्याला, शेळीला, बियाण्याला. विचारलं तर एक ताई म्हणाल्या, "मॅडम, एक गुरुजी पहिली आणि दुसरी दोन्ही सांभाळतेत. पोरगं नुसतं बसून राहतंय. मग टाकलं तालुक्याच्या गाडीच्या शाळेत." म्हणजे झेडपीच्या शाळेतलं एक पद गेलं आणि त्याचा खर्च आपल्या बायकांच्या बचतीवर आला. वर ही चार लेकरं निघून गेल्याने पट आणखी खाली. पट खाली गेला की पुढची कपात सोपी होते.

आता हे पद गेलं कसं, ते समजून घेऊ. थोडं किचकट आहे, पण तुम्ही समूहाचं रोजकीर्द लिहिता, यापेक्षा अवघड काही नाही.

शाळेला किती शिक्षक द्यायचे हे दरवर्षी एका कागदावर ठरतं. त्याला म्हणतात संच मान्यता. हा निर्णय गावात होत नाही, जिल्ह्याच्या आणि वरच्या शिक्षण कार्यालयात होतो. पण त्यासाठीचे आकडे गावातून जातात. ३० सप्टेंबरला शाळेत जेवढी लेकरं ऑनलाइन नोंदलेली असतात, तो पट धरला जातो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्या कायद्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीसाठी असं आहे: ६० लेकरांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. म्हणजे ६० आणि ६१ यांच्यामध्ये एका लेकराचा फरक, पण एका अख्ख्या शिक्षकाचाही फरक. राज्य सरकारने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलले आणि नवीन पद मिळणं आणखी अवघड झालं. त्यामुळे गेलेलं पद परत आणण्यापेक्षा असलेलं टिकवणं केव्हाही बरं.

मग त्या गावात तर ६३ लेकरं होती. पद कसं गेलं?

आधारमुळे. पटावर नाव असून भागत नाही, त्या लेकराचं आधार ऑनलाइन जुळावं लागतं. शाळेच्या रजिस्टरला 'आरोही', आधारवर 'आरोहि'. एकीकडे वडिलांचं नाव पुरं, दुसरीकडे नुसतं पहिलं अक्षर. जन्मतारीख एका दिवसाने वेगळी. असं झालं की संगणक त्या लेकराला बाद धरतो. लेकरू रोज शाळेत येतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं, पण शिक्षक मोजताना ते नाही. त्या शाळेत पाच लेकरांचं आधार जुळलं नव्हतं. ६३ मधून ५ गेले, राहिले ५८. साठच्या आत. गुरुजींनी पालकांना निरोप दिला होता, वहीत चिठ्ठीही पाठवली होती. आयांना वाटलं शिष्यवृत्तीचं काहीतरी असेल, सवडीने करू. कुणी कुणाला असं सांगितलंच नाही की ही पाच नावं जुळली नाहीत तर मॅडम जातील. मला गुरुजींना दोष द्यावासा वाटत नाही. चिठ्ठी लिहिताना त्यांच्यापुढे आणखी दहा ऑनलाइन कामं पडलेली असतात. पण एवढं एक वाक्य त्यात असतं तर पाचही आया दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेल्या असत्या.

यात तुम्ही काय करू शकता? सगळ्यात आधी आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा, "सर, किती लेकरांचं आधार जुळलेलं नाही? कुणाचं?" हे ऑगस्टमध्येच विचारा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावर रांग असते आणि दुरुस्ती व्हायला दिवस लागतात. जाताना लेकराचा जन्मदाखला सोबत न्या. ज्यांचं आधार लहानपणी, पाच वर्षांच्या आत काढलेलं आहे, त्यांच्या बोटांचे ठसे पाच वर्षं झाल्यावर नव्याने द्यावे लागतात, तेही त्याच वेळी उरका. एकेकटीने मजुरी बुडवून जाण्यापेक्षा पाच-सहा आया मिळून एक जीप करा. समूहाच्या कामासाठी आपण बँकेत जातो ना तसं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. टोळ्या निघतात दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ३० सप्टेंबरला लेकरं गावातच असतात आणि पटावर मोजली जातात. पण नंतर चार-पाच महिने वर्ग रिकामा दिसतो आणि "या शाळेत कुणी येतच नाही" असं बोललं जायला सुरुवात होते. आजीजवळ किंवा मावशीजवळ लेकरू ठेवता येत असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे, त्यात मागे राहिलेल्या लेकरांच्या जेवणाखाणाची व्यवस्था होते. ही मागणीही शाळेतूनच आणि वेळेवर जावी लागते. टोळी निघाल्यावर मागून उपयोग नाही.

आता पैशाकडे येऊ. शिक्षकांचा पगार सरकारकडून येतो, तो शाळेच्या हातात नसतो. शाळेच्या खात्यावर दरवर्षी येतं ते समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान. तेही पटावर ठरतं. ३० लेकरांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. इथेही बघा, ३० आणि ३१ मध्ये १५,००० रुपयांचा फरक. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. उरलेल्यात खडू, वह्या-रजिस्टर, लाइट बिल, किरकोळ दुरुस्ती, नळाची तोटी, सगळं आलं. दहा हजारात वर्ष काढायचं म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. आपल्यातल्या कित्येक घरांचं किराणा बिल यापेक्षा जास्त असतं. म्हणून गुरुजी "पैसा नाही" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ते खरं असतं. पण किती आला आणि कशावर गेला, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. विचारण्यात कुणाचा अपमान नाही. समूहाच्या सचिवाला आपण दर आठवड्याला विचारतोच की.

हा हक्क येतो शाळा व्यवस्थापन समितीतून. कायद्याचं कलम २१ म्हणतं की समितीत पाऊण भाग पालक पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका पाहिजेत. समिती १२ जणांची असेल तर ९ पालक आणि १२ पैकी ६ महिला. समितीने शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, आलेल्या अनुदानाचा वापर बघायचा आणि शाळा विकास आराखडा करायचा. कलम २२ सांगतं की सरकारच्या पुढच्या नियोजनाला आणि अनुदानाला हाच आराखडा आधार धरायचा. कागदावर एवढं वजन आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. शिपाई किंवा एखादं पोरगं घरी रजिस्टर घेऊन येतं, "काकू, सही करा", आणि काकू पिठाच्या हाताने सही करतात. त्या सहीच्या वर काय ठराव लिहिला आहे ते कुणी वाचत नाही. समूहाचं प्रोसिडिंग कुणी असं घरोघर फिरवून सह्या घेतल्या तर आपण चालवून घेऊ का?

त्या गावातल्या ग्रामसंघाने पुढच्या वर्षी काय केलं ते सांगते. समितीत ज्या सहा बायका होत्या त्यातल्या चार आपल्या समूहांतल्या निघाल्या. दोघींना तर आपण समितीत आहोत हेच माहीत नव्हतं. त्यांनी ठरवलं की रजिस्टर घरी आलं तर सही करायची नाही, शाळेत जाऊन बसायचं. पहिल्या बैठकीला मी बाहेर व्हरांड्यात थांबले, आत गेले नाही, नाहीतर सगळ्या माझ्याच तोंडाकडे बघत बसल्या असत्या. ग्रामसंघाच्या लिपिका ताईंनी संच मान्यतेचा कागद मागितला. मुख्याध्यापक क्षणभर थबकले. मग कपाटातून काढून दिला आणि रकाना न् रकाना समजावून सांगितला. नंतर मला म्हणाले, "इतक्या वर्षात हा कागद पालकांनी पहिल्यांदा मागितला." त्यांनाही बरं वाटलं असावं. मॅडम गेल्यापासून तेही दोन वर्ग ओढत होतेच.

त्या बैठकीत तीन ठराव झाले. आधार न जुळलेल्या लेकरांची यादी दर महिन्याला समितीपुढे ठेवायची. अनुदानाचा जमाखर्च फळ्यावर लिहायचा. आणि शाळेचं लाइट बिल व छताची गळती ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घ्यावी अशी मागणी महिला सभेत मांडायची. हा तिसरा ठराव मला फार आवडला, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा बनतो तेव्हा आपण समूहाकडून व्हीपीआरपीत घरकुल, संडास, शेततळं लिहितो. शाळा लिहायचं सुचत नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तिथे मांडलेला विषय ग्रामसभेत घ्यायला लावता येतो.

वीसच्या आतल्या पटाच्या शाळांबद्दल मात्र वेगळं बोलायला हवं. आपल्या प्रभागात वस्त्यांवर अशा शाळा बऱ्याच आहेत आणि तिथल्या बायका सारखं विचारतात, "मॅडम, आमची शाळा बंद होणार का?" ही भीती उगाच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून लेकरांना जवळच्या शाळेत पाठवायचा निर्णय झाला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. तेव्हा राज्यात अशा शाळा होत्या १४,७८३. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ इथल्या समूह शाळांचा नमुना पुढे ठेवला होता. दोन्ही वेळा गावांनी, शिक्षकांनी आणि संघटनांनी विरोध केला.

यावर माझं मत थोडं वेगळं आहे, ते मोकळेपणाने लिहिते. मोठी शाळा नेहमी वाईटच, असं मला वाटत नाही. चार इयत्तांत मिळून नऊ लेकरं असतील तर खेळायला जोडीदार नाही, एक शिक्षक रजेवर गेला की शाळाच ठप्प. काही आया स्वतः म्हणतात, "गाडी लावा, आम्ही पाठवतो मोठ्या शाळेत." हे म्हणणंही ऐकायला पाहिजे. पण गाडी लावतो म्हणणं आणि गाडी रोज येणं यात फार अंतर आहे. आपल्या राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. ते शक्य नसेल तिथे वाहतुकीची सोय करायची असते आणि समग्र शिक्षामध्ये त्यासाठी एका लेकरामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. सहा हजार भागिले दहा महिने, म्हणजे महिन्याला सहाशे. सहाशेत रोज जाऊन-येऊन कोणता रिक्षावाला येतो, आणि पाच लेकरांसाठी येईल का, हे तुम्हीच काढून बघा. श्रावणात ओढ्याला पाणी आल्यावर सहा वर्षांच्या पोरीला कोण नेणार? मुलगा असेल तर सायकलवर जाईल, मुलीला घरी बसवलं जाईल. हे मी अंदाजाने नाही लिहीत. पाचवीनंतर शाळा लांब गेली की मुलीच आधी थांबतात, हे आपण आपल्याच घरांत बघितलं आहे.

आणखी एक नुकसान कुणी मोजत नाही. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई बहुतेक आपल्याच समूहातल्या असतात. २५ लेकरांपर्यंत एक स्वयंपाकी, २६ ते १०० ला दोन, असा हिशोब आहे. शाळा बंद झाली की त्या ताईंचं मानधन बंद. पट २५ वर आला की दोनपैकी एकीचं काम जातं. म्हणजे पट कमी होणं हे फक्त गुरुजींचं दुखणं नाही.

म्हणून वस्तीच्या शाळेबद्दल काही हालचाल कानावर आली तर नुसतं "बंद करू नका" म्हणू नका. ते ऐकून घेतात आणि विसरतात. समितीची बैठक बोलवा आणि ठरावात आकडे लिहा. वस्तीपासून दुसरी शाळा किती अंतरावर आहे, तेही चालत मोजून. मधे ओढा, रस्ता, जंगल काय आहे. पुढच्या दोन वर्षांत अंगणवाडीतून पहिलीत येणारी किती लेकरं आहेत, ही यादी अंगणवाडी ताईंकडे तयार असते. ही शेवटची यादी फार महत्त्वाची. एका वस्तीवर पट १४ होता, पण अंगणवाडीत ११ लेकरं होती, हे वरच्या कार्यालयाला कसं कळणार? ठरावाची एक प्रत केंद्रप्रमुखांना, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि पोच घ्यायला विसरू नका. पोच म्हणजे तुमच्या प्रतीवर त्यांचा शिक्का आणि तारीख. दाद मिळाली नाही तर कलम ३२ खाली लेखी तक्रार करता येते, त्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि त्यानंतर राज्य बालहक्क आयोगाकडे जाता येतं. आपल्या प्रभागात अजून कुणी तिथवर गेलेलं नाही. बहुतेक वेळा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलापर्यंत आकड्यांसह ठराव गेला की निदान बोलणं तरी सुरू होतं.

त्या ६३ लेकरांच्या गावाचं काय झालं, हे तुम्ही विचारणार. पाचही लेकरांची आधार दुरुस्ती झाली. गाडीच्या शाळेत गेलेल्या चौघांपैकी दोन परत आले. गेल्या ३० सप्टेंबरला जुळलेला पट ६१ भरला. तिसरं पद अजून मिळालेलं नाही, समितीने दोनदा पत्र दिलं आहे. सध्या गावातलीच बारावी झालेली एक मुलगी सकाळी दोन तास पहिलीच्या लेकरांना बसवते, ग्रामसंघ तिला थोडं मानधन देतो. मला हा उपाय पूर्ण पटत नाही. सरकारने द्यायचा शिक्षक आपण बचतीतून द्यायचा, ही सवय लागली तर पद कधीच येणार नाही. ग्रामसंघाच्या अध्यक्षा काकूंना मी तसं म्हणाले. त्या म्हणाल्या, "तुझं बरोबर हाय बाई, पण पद येईस्तवर पोरगं दुसरीत जातंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही एवढंच ठरवलं की त्या मानधनाची नोंद प्रत्येक पत्रात लिहायची, म्हणजे आपण कुणाचं काम करतोय ते कागदावर राहील.

आता पुढच्या बैठकीसाठी काम. प्रत्येक ग्रामसंघाने आपल्या शाळेचे चार आकडे लिहून आणायचे: हजेरीपटावर लेकरं किती, आधार जुळलेली किती, मंजूर शिक्षक किती आणि प्रत्यक्ष हजर किती. ज्या गावात दोन शाळा आहेत तिथे दोन्हींचे. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या समूहांतल्या कोण कोण आहेत त्यांची नावंही आणा. समितीची मुदत दोन वर्षांची असते, तर नवी समिती कधी बसणार ते विचारून या, म्हणजे पालकसभेला आपल्या बायका हजर राहतील. मुख्याध्यापकांनी कागद दाखवायला नकार दिला तर भांडू नका, तारीख लिहून ठेवा आणि मला फोन करा, मी सोबत येईन. प्रभागसंघाच्या बैठकीत आपण सगळ्या शाळांचा एकच तक्ता करणार आहोत, आणि जिथे पट ६० किंवा ३० च्या काठावर आहे त्या शाळांवर लाल पेनाने खूण करणार आहोत.